समीकरण बरोबर, चित्र चूक

नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया होतो. समीकरण संतुलित करा, असं म्हटलं की दहावीचा बरा विद्यार्थी हायड्रोजनच्या मागे ३ लिहितो, अमोनियाच्या मागे २ लिहितो, दोन्ही बाजूंचे अणू मोजतो आणि पुढच्या प्रश्नाला लागतो. १९८५ साली यारोक या अमेरिकी संशोधकानं हायस्कूलच्या काही मुलांना एकेकटं बसवून अशी समीकरणं दिली. ती सगळ्यांनी संतुलित केली. मग त्यानं सांगितलं, आता यातले रेणू काढून दाखवा. कितीतरी मुलांनी हायड्रोजनच्या तीन रेणूंऐवजी सहा गोळे एकमेकांना चिकटवून काढले. मागचा ३ आणि खालचा २ यांचा त्यांच्या लेखी अर्थ एवढाच होता, की गुणाकार सहा यायला हवा. दोन-दोन अणूंच्या तीन सुट्या जोड्या त्यांच्या डोळ्यांपुढे कधी आल्याच नव्हत्या.

रसायनशास्त्र कसं शिकलं जातं यावर गेल्या पन्नासएक वर्षांत जे संशोधन झालं, त्यातला मोठा भाग या एका निरीक्षणाभोवती फिरतो. ते वाचताना माझं एक मत पक्कं होत गेलं. मुलं कुठे अडतात हे आता आपल्याला बऱ्यापैकी नेमकं ठाऊक आहे. त्यातून बाहेर कसं काढायचं हेही थोडंफार कळलंय. पण जे त्यांना समजलेलं नाही, ते आपण परीक्षेत विचारतच नाही, आणि म्हणून वर्गातही त्याला जागा मिळत नाही.

अमेरिकन केमिकल सोसायटीचं रसायनशिक्षणाला वाहिलेलं मासिक १९२४ पासून निघतं. सुरुवातीच्या काळात त्यात प्रामुख्यानं अनुभवी शिक्षकांच्या युक्त्या आणि नवे प्रयोग असत. अभ्यासाला खरी धार आली ती साठच्या दशकानंतर. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि पाश्चात्त्य देशांनी विज्ञानाचे अभ्यासक्रम घाईघाईनं बदलायला घेतले. अमेरिकेत ग्लेन सीबोर्ग यांच्या अध्यक्षतेखाली 'केम स्टडी' आला, इंग्लंडमध्ये नफिल्ड प्रकल्प आला, स्कॉटलंडमध्ये १९६२ साली नवा पाठ्यक्रम आला. पाठांतर कमी करून तत्त्वांवर भर द्यायचा, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. पुस्तकं उत्तम होती, लिहिणारे नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते. आणि तरीही मुलं ठरावीक ठिकाणी अडत राहिली. विषयाच्या तज्ज्ञाला जे तर्कशुद्ध वाटतं, ते नवख्याला सोपं वाटेलच असं नाही, हे तेव्हा पहिल्यांदा पुराव्यानिशी दिसलं.

ते दाखवणाऱ्यांत ग्लासगो विद्यापीठातल्या अॅलेक्स जॉनस्टन यांचं नाव आधी घ्यायला हवं. त्यांनी स्वतः शाळेत शिकवलं होतं. १९७१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सरळ विद्यार्थ्यांनाच विचारलं, की यातलं काय समजलं आणि काय कितीही वेळा वाचून समजत नाही. मोल, आयनांची समीकरणं, क्षपण-ऑक्सिडीकरण अशी यादी हाती आली. आपल्याकडचा कुठलाही अकरावीचा वर्ग जवळपास हीच यादी देईल. जॉनस्टन यांचा पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता: या सगळ्या घटकांत समान काय आहे?

१९८२ साली त्यांनी दिलेलं उत्तर आज 'जॉनस्टनचा त्रिकोण' म्हणून ओळखलं जातं. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर बोलतं. पहिली डोळ्यांना दिसणारी: रंग बदलला, वायू आला, साका बसला. दुसरी न दिसणाऱ्या कणांची: अणू, रेणू, आयन, इलेक्ट्रॉन. तिसरी चिन्हांची: सूत्रं, समीकरणं, आलेख, आकडेमोड. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचं पाणी ओतलं की पांढरा साका येतो, हे सांगताना शिक्षक अर्ध्या मिनिटात तिन्ही कोपऱ्यांना शिवून येतात. "बघा, पांढरं झालं. सिल्व्हरच्या आयनानं क्लोराइडला धरलं. लिहून घ्या." शिक्षकांना या उड्या जाणवतही नाहीत, कारण त्यांच्यासाठी तिन्ही पातळ्या केव्हाच एकजीव झालेल्या असतात. मुलाला मात्र एक पांढरं पाणी, एक न दिसणारी गोष्ट आणि फळ्यावरची एक ओळ अशा तीन सुट्या बाबी मिळतात. त्यांतली वहीत उतरवता येते ती फक्त तिसरी.

जॉनस्टन यांनी याला मानसशास्त्राची जोड दिली. माणूस एका वेळी मनात मोजक्याच गोष्टी धरू शकतो, हे जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडलं होतं. जॉनस्टन आणि एल-बन्ना यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की रसायनाच्या गणितात एकाच वेळी सांभाळायच्या गोष्टी विद्यार्थ्याच्या या क्षमतेपलीकडे गेल्या, की यश हळूहळू घटत नाही. ते एकदम कोसळतं. 'हुशार मुलगा, पण मोलची गणितं आली की गडबडतो' असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा हेच घडत असतं. बुद्धी कमी पडलेली नसते, मनातली जागा संपलेली असते. ही गोष्ट प्रत्येक पालकाच्या कानावर जावी असं मला मनापासून वाटतं, कारण अकरावीत पहिल्यांदा नापास झालेली कितीतरी मुलं स्वतःबद्दल कायमचा चुकीचा निष्कर्ष काढून बसतात.

चिन्हांच्या कोपऱ्यात यश मिळालं म्हणजे कणांच्या कोपऱ्यातही समज आली, हा आपला मोठा गैरसमज. १९८७ मध्ये नरेनबर्न आणि पिकरिंग यांनी तो तपासला. वायूच्या नियमांवरचं नेहमीचं गणित आणि त्याच नियमांवरचा एक चित्राचा प्रश्न त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दिला. हायड्रोजननं भरलेली पोलादी टाकी, आत रेणूंसाठी सर्वत्र पसरलेले ठिपके. टाकी २० अंशांवरून उणे २० अंश सेल्सियसपर्यंत थंड केली तर ठिपके कसे दिसतील? हायड्रोजन द्रवरूप व्हायला तापमान उणे २५३ अंशांच्या आसपास जावं लागतं, त्यामुळे ठिपके आधीसारखेच सगळीकडे पसरलेले राहणार. ज्यांनी गणित बिनचूक सोडवलं होतं, त्यांच्यातल्याही पुष्कळांनी ठिपके तळाशी गोळा झाल्याचं चित्र निवडलं. तीन वर्षांनी सॉरी यांनी मोठ्या वर्गावर हेच करून पाहिलं. निष्कर्ष बदलला नाही, आणि वर्गातले अव्वल विद्यार्थीही त्याला अपवाद ठरले नाहीत.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत संशोधक मुलांच्या मनातल्या कल्पनांच्या मागे लागले. इस्राएलमध्ये नोव्हिक आणि नुसबाउम यांनी १९७८ मध्ये मुलांना विचारलं, की चंबूतली थोडी हवा काढून घेतली तर उरलेली कशी दिसेल. कणांचं चित्र काढणाऱ्या मुलांनाही दोन कणांच्या मध्ये काहीच नाही हे पटत नव्हतं. तिथे धूळ असेल, वाफ असेल, आणखी हवा असेल. पोकळी मान्य करणं मनाला जड जातं. ते जड जातंच, याचा पुरावा विज्ञानाच्या इतिहासातही आहे. अॅरिस्टॉटलनंही पोकळी नाकारली होती.

स्वीडनच्या ब्योर्न अँडरसन यांचा एक प्रश्न मला फार आवडतो. गाडीच्या टाकीत ५० किलो पेट्रोल भरलं आणि ते संपेपर्यंत गाडी चालवली. बाहेर पडलेल्या धुराचं वजन किती? बरीच मुलं म्हणतात ५० किलो, कारण जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर येणार. काही म्हणतात त्याहून कमी, कारण धूर हलका. पेट्रोल जळताना हवेतला ऑक्सिजन त्याच्याशी जोडला जातो आणि म्हणून बाहेर पडणारं वजन ५० किलोंहून बरंच जास्त भरतं, हे फार थोड्यांना सुचतं. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम या सगळ्यांना पाठ असतो, आणि '५० किलो' म्हणणारी मुलं तर त्याच नियमाच्या आधारे चुकतात. ज्वलनात हवा भाग घेते ही गोष्ट त्यांनी वाचलेली असते, वापरलेली नसते. पुण्यातल्या वाहतुकीत रोज धूर गिळणाऱ्या कुठल्याही मुलाला हा प्रश्न विचारून पाहावा.

रेहोव्होतच्या वाइझमन संस्थेतल्या बेन-झ्वी, आयलॉन आणि सिल्बरस्टाइन यांनी १९८६ मध्ये विचारलेला प्रश्नही असाच मर्मावर बोट ठेवणारा आहे: तांब्याचा एकटा अणू वर्धनीय असतो का? अनेकांचं उत्तर 'हो'. तांबं लाल म्हणून अणू लाल, तांबं ठोकून पत्रा होतो म्हणून अणूही चपटा होतो. गुणधर्म हे अणूंच्या समूहातून, त्यांच्या रचनेतून आणि बंधातून येतात, हा रसायनशास्त्राचा गाभा. तोच इथे हातातून निसटलेला दिसतो.

असे अभ्यास इतके झाले, की जर्मनीत कील इथल्या रायनडर्स डुइट यांनी जपलेल्या सूचीत विज्ञानातल्या अशा कल्पनांवरच्या आठ हजारांहून अधिक नोंदी जमल्या. त्यात भौतिकशास्त्राचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी रसायनाचाही लहान नाही. या ढिगाबद्दल माझं मत थोडं कठोर आहे. एका देशात सापडलेली चूक दुसऱ्या देशात तिसऱ्या इयत्तेत सापडते का, एवढंच पाहणारे शेकडो शोधनिबंध निघाले. त्यांतून पदव्या मिळाल्या, वर्गाला फारसं काही मिळालं नाही. उपयोगी ठरलं ते दुसरंच काम. डेव्हिड ट्रेगस्ट यांनी ऑस्ट्रेलियात १९८८ मध्ये दोन पायऱ्यांचे प्रश्न सुचवले: आधी उत्तर निवडा, मग त्याचं कारण निवडा. बरोबर उत्तरामागचं चुकीचं कारण त्यात लगेच उघडं पडतं. २००२ मध्ये मलफर्ड आणि रॉबिन्सन यांनी बावीस प्रश्नांची एक संकल्पना-चाचणी प्रसिद्ध केली. खिळा पूर्ण गंजला तर गंजाचं वजन खिळ्याहून कमी, तितकंच की जास्त, असे साधे प्रश्न. अमेरिकेतल्या विद्यापीठात पूर्ण एक सत्र रसायनशास्त्र शिकून झाल्यावर याच चाचणीतले सरासरी गुण अगदी थोडेच वाढले.

आतापर्यंतच्या चुका मुलं घरून, रोजच्या अनुभवातून घेऊन येतात. चुकांचा दुसरा गट आपण शाळेत पेरतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. म्युन्स्टरच्या हान्स-डीटर बार्के यांनी या शाळेत तयार होणाऱ्या चुकांचा वेगळा विचार केला. केंब्रिजच्या कीथ टेबर यांनी बंधांबाबत जे दाखवलं ते तर प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात शिकवायला हवं. 'अणूला आठ इलेक्ट्रॉन हवे असतात, म्हणून तो अभिक्रिया करतो' हे वाक्य आपण सोयीसाठी वापरतो. मुलं ते शब्दशः घेतात. अष्टक पूर्ण असणं म्हणजेच स्थैर्य, ही समजूत इतकी घट्ट बसते, की सोडियमच्या साध्या अणूपेक्षा सात जादा इलेक्ट्रॉन घेतलेला, उणे सात प्रभाराचा सोडियम त्यांना अधिक स्थिर वाटतो. असा आयन प्रत्यक्षात असूच शकत नाही, पण त्याच्या बाहेरच्या कक्षेत आठ भरतात ना! मिठाच्या स्फटिकातही तेच होतं. ज्या सोडियमनं ज्या क्लोरीनला इलेक्ट्रॉन दिला, त्या दोघांतच काय तो बंध; शेजारच्या बाकीच्या आयनांशी नुसतं आकर्षण. स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन सारख्याच अंतरावर असतात, हे चित्र शिक्षकांनी एकदा नीट दाखवलं आणि इलेक्ट्रॉन देण्याघेण्याची गोष्ट थोडी मागे ठेवली, तर हा गोंधळ बराच टळू शकतो.

ऊर्जेचंही तसंच. बंध तोडायला ऊर्जा लागते आणि बंध तयार होताना ती बाहेर पडते. विद्यार्थी नेमकं उलट धरून बसतात, आणि त्याला जीवशास्त्राच्या तासाला 'एटीपीतला ऊर्जेनं भरलेला बंध तुटतो' या वाक्यानं खतपाणी मिळतं. मेलनी कूपर आणि माइक क्लिम्कोव्स्की यांनी २०१३ मध्ये याच विषयावर लिहिलं. एकाच मुलाला शेजारच्या दोन तासांत दोन शिक्षक परस्परविरोधी गोष्टी शिकवतात आणि कुणालाच पत्ता नसतो. शिक्षकखोलीत रसायनाचे आणि जीवशास्त्राचे शिक्षक एकदा एकत्र बसले तरी हे सुटू शकतं. रासायनिक समतोलातल्या चुका, म्हणजे समतोलावर दोन्ही बाजूंची संहती सारखी होते, किंवा आधी पुढची अभिक्रिया पूर्ण होते आणि मग उलटी सुरू होते, हॅकलिंग आणि गार्नेट यांनी १९८५ मध्येच नोंदवल्या होत्या. त्या आजही बारावीच्या उत्तरपत्रिकांत तशाच भेटतात.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा संशोधनाचा धागा भाषेचा आहे. कॅसल्स आणि जॉनस्टन यांनी ऐंशीच्या दशकात ब्रिटनमधल्या मुलांवर केलेल्या कामातून दिसलं, की त्यांना पारिभाषिक शब्दांइतकेच, काही वेळा त्याहून जास्त, साधे इंग्रजी शब्द अडवतात. रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द विज्ञानात किंचित वेगळ्या अर्थानं येतो आणि मूल जुन्याच अर्थानं पुढे जातं. ही मुलं मातृभाषेत शिकत होती. २००१ मध्ये जॉनस्टन आणि सेलेपेंग यांनी दुसऱ्या भाषेत विज्ञान शिकणाऱ्यांकडे पाहिलं. विचार करायला मनात जी मोजकी जागा असते, तिचा किमान पाचवा हिस्सा केवळ भाषा उलगडण्यात खर्च होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता हे महाराष्ट्रावर ठेवून पाहा. मुलगी दहावीपर्यंत मराठीतून शिकते. संयुग, मूलद्रव्य, अभिक्रिया, उत्प्रेरक हे शब्द तिच्या तोंडी बसलेले असतात. अकरावीत विज्ञान शाखेला प्रवेश घेते आणि सगळं इंग्रजीतून सुरू होतं. नेमक्या त्याच वर्षी रसायनशास्त्रही अवघड वळणावर येतं: मोल, अणुरचना, बंध, समतोल, सेंद्रिय रसायनाची सुरुवात. जिथे मनात सर्वांत जास्त जागा हवी, तिथेच आपण ती काढून घेतो. मी इंग्रजीच्या विरोधात नाही. पुढचं शिक्षण आणि वाङ्मय त्या भाषेत आहे. पण पहिले काही महिने दोन्ही भाषांत शिकवणं, मराठीतून शंका विचारू देणं आणि उत्तरातला विचार बरोबर असेल तर इंग्रजी व्याकरणाकडे काणाडोळा करणं, एवढं तरी प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाला जमण्यासारखं आहे.

या प्रश्नावर आपल्याकडे फार लवकर काम झालं, याचा मला अभिमान वाटतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली मुंबईत सुरू झालं. त्याचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. केंद्राच्या सुरुवातीच्या कामात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या ग्रामीण शाळा होत्या, मुंबई महापालिकेच्या शाळा होत्या. कुलकर्णी आणि गंभीर यांनी मराठी माध्यमातल्या मुलांसाठी विज्ञानाच्या पुस्तकांची भाषा सोपी केली, आशय मात्र पातळ होऊ दिला नाही. मुलांना विषय अधिक समजू लागला आणि वर्गात ती अधिक बोलू लागली. भाषेच्या अडसरावरचा त्यांचा शोधनिबंध १९८१ चा आहे. याच केंद्रानं २००४ साली गोव्यात दोना पावला इथे विज्ञानशिक्षणाच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि ती पुढेही चालू ठेवली. आपल्या पाठ्यपुस्तक-लेखकांच्या टेबलावर कुलकर्णींचं काम आजही असायला हवं.

प्रयोगशाळेकडे येताना माझा सूर थोडा जड होतो. रसायनशास्त्र प्रयोगातूनच शिकता येतं, यावर सगळ्यांचं एकमत. पुरावा मात्र तितका बोलका नाही. अवी हॉफ्स्टाइन आणि व्हिन्सेंट लुनेटा यांनी १९८२ मध्ये तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा प्रयोगशाळेमुळे संकल्पना पक्क्या होतात असं ठामपणे म्हणण्याजोगं फारसं हाती लागलं नाही. २००४ मध्ये त्यांनी पुन्हा आढावा घेतला आणि मोठ्या अपेक्षा व प्रत्यक्ष काम यांतली दरी तशीच असल्याचं नोंदवलं. इंग्लंडमध्ये अब्राहम्स आणि मिलर यांनी २००८ मध्ये विज्ञानाच्या पंचवीस तासिका बारकाईनं पाहिल्या. मुलांकडून ठरलेली कृती करून घेण्यात शिक्षक यशस्वी होत होते. त्या कृतीमागचा विचार मुलांपर्यंत पोचवण्यात नाही. तास पूर्ण झाला, निरीक्षण आलं, वही भरली, आणि हे का झालं हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

कारण पुन्हा जॉनस्टन यांच्याच कामात सापडतं. बारावीचं टायट्रेशन आठवा. एका हातात ब्यूरेटची तोटी, दुसऱ्या हातानं हलवायचा चंबू, डोळे पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी रंगावर, कान शिक्षकांच्या सूचनेकडे, मनात रीडिंगचा आकडा, आणि शेजारच्याचं आपल्याशी जुळतंय का ही धास्ती. त्यातच ऑक्झॅलेट आयनाकडून मँगनीजनं किती इलेक्ट्रॉन घेतले याचा विचार करायला जागा कुठून येणार? मुलं मग शहाणपणानं एकच करतात: दिलेल्या पायऱ्या डोळे मिटून पाळतात. सॉल्ट अॅनालिसिसमध्ये गटांचा क्रम पाठ होतो, जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरतं. आळस हे त्याचं कारण कमी वेळा असतं. तेवढ्या वेळात तेवढं सगळं करायला सांगितल्यावर दुसरा मार्गच उरत नाही.

उपाय आहेत, आणि ते महागडे नाहीत. तासाच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटांची तयारी करून घेतली, म्हणजे उपकरण कसं वापरायचं आणि आपण नेमकं काय शोधतोय एवढं आधी कळलं, तर प्रत्यक्ष तासाला डोकं मोकळं राहतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मार्सी टाउन्स यांच्या गटानं विद्यार्थ्यांना पिपेट वापरतानाचा स्वतःचा व्हिडिओ करायला लावला; तो पाहून कौशल्य तपासलं जातं, मग पुढे जाता येतं. मोबाइल हातोहाती असलेल्या आपल्या कॉलेजांत हे उद्या सुरू होऊ शकतं. जोहान्सबर्गच्या विट्सवॉटर्सरँड विद्यापीठातल्या जॉन ब्रॅडली यांनी तळहातावर मावणाऱ्या प्लास्टिकच्या संचात थेंबाथेंबानं प्रयोग करायची पद्धत वाढवली. रसायनं कमी, काच फुटण्याची भीती नाही, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक मुलाला स्वतःचा संच. ज्या शाळांत चाळीस मुलं एका टेबलाभोवती उभी राहून शिक्षकांचा प्रयोग पाहतात, तिथे हाच मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो.

प्रयोगकेंद्री शिक्षणाचा भारतातला सर्वांत धाडसी प्रयत्न होशंगाबादचा. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत तो सुरू झाला. स्वस्त साहित्याची पेटी, मुलांनी स्वतः करायचे प्रयोग, शिक्षकांचं दरवर्षीचं प्रशिक्षण, आणि पुस्तक उघडं ठेवून द्यायची परीक्षा. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेनं तो पुढे नेला. २००२ मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. या प्रयत्नातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी पुस्तक बदललं तेव्हाच परीक्षाही बदलली.

अर्थात, मुलांनी सगळं स्वतःच शोधावं या आग्रहालाही मर्यादा आहेत. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये जोरकसपणे मांडलं, की नवख्याला फार कमी मार्गदर्शन दिलं तर तो शिकण्याऐवजी चाचपडत राहतो. त्यांचा सूर मला टोकाचा वाटतो, पण रसायनशास्त्रापुरतं त्यात तथ्य आहे. अणू डोळ्यांनी दिसत नाही. कितीही टेस्टट्यूब हलवल्या तरी कणांची कल्पना आपोआप वर येत नाही. ती कुणीतरी मांडावी लागते आणि मग मुलांनी ती वापरून पाहावी लागते.

या दोहोंमधली वाट म्हणून अमेरिकेत नव्वदच्या दशकात 'पोगिल'सारख्या पद्धती आल्या. तीन-चार जणांचे गट, नेमकी रचलेली प्रश्नपत्रिका, आधी माहिती पाहा, मग नियम ओळखा, मग वापरा. शिक्षक फिरत राहतात. अशा सक्रिय पद्धतींबद्दलचा सर्वांत भक्कम पुरावा २०१४ चा. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी, गणित यांतले २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, सक्रिय वर्गांत २१.८ टक्के. २०२० मध्ये थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांना याचा फायदा जास्त होतो आणि गुणांमधली दरी कमी होते. हे आकडे प्रामुख्यानं तिथल्या पदवी-वर्गांचे आहेत; आपल्या शंभर-सव्वाशेच्या वर्गाला ते जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणणार नाही. पण शेजारच्याशी दोन मिनिटं वाद घालून उत्तर ठरवा, एवढं तर शंभरच्या वर्गातही करता येतं.

रोजच्या जीवनाशी जोडलेल्या अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात. इंग्लंडमधला 'साल्टर्स', अमेरिकेतला 'केमकॉम', जर्मनीतला 'केमी इम कॉन्टेक्स्ट' यांनी धडे विषयाच्या क्रमानं न लावता इंधन, औषधं, पाणी अशा संदर्भांभोवती लावले. बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्यांवरचे अभ्यास तपासले: विषयाबद्दलची आवड वाढते, समज पारंपरिक पद्धतीइतकीच राहते. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे. महाड, लोटे, तारापूर, डोंबिवली इथल्या मुलांच्या घरात रासायनिक कारखान्याचा पगारही येतो आणि वासही येतो. त्यांच्या पुस्तकात सांडपाण्याचा सामू आणि उदासिनीकरण हे प्रकरण त्यांच्या नदीपासून सुरू व्हायला काय हरकत आहे? संगणकावरच्या दृश्य-प्रतिकृतींचंही असंच. कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू केलेल्या 'फेट'च्या अनेक प्रतिकृती मराठीतही मोफत मिळतात. त्या नुसत्या पडद्यावर दाखवल्या तर करमणूक होते. 'आता काय होईल ते आधी कागदावर काढा' असं सांगून दाखवल्या, तरच त्यांचा उपयोग.

कागदावर काढा, या सूचनेचं वजन कूपर यांच्या २०१५ मधल्या एका अभ्यासातून कळतं. त्यांच्या गटानं रसायनशास्त्र शिकत असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना आंतररेणवीय बलांबद्दल लिहायला सांगितलं. हायड्रोजन बंधांची उत्तरं वाचायला ठीक होती. निवडक पर्यायांत ती पूर्ण गुण घेऊन गेली असती. मग त्यांना इथेनॉलचे रेणू काढून हायड्रोजन बंध दाखवायला सांगितलं. बहुतेकांनी तो एकाच रेणूच्या आत, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांना जोडणाऱ्या रेघेवर दाखवला. पाणी उकळलं की काय तुटतं, याची त्यांची कल्पना मुळातच वेगळी होती, आणि ती शब्दांमागे लपून गेली होती.

आणि आपण परीक्षा कशी घेतो? एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे प्रत्येकी एक मिनिटही नाही. या वेळात त्रिकोणाच्या एकाच कोपऱ्यावर, चिन्हांच्या कोपऱ्यावर, उभं राहता येतं. शिकवणीवर्ग मुलांना तिथेच उभं करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, ते परीक्षेला जे हवं ते देतात. याउलट आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडमध्ये ४० टक्के गुण प्रात्यक्षिकाला असतात. भारत १९९९ पासून होमी भाभा केंद्राच्या मार्गदर्शनाखाली त्यात उतरतो, २००१ ची स्पर्धा तर मुंबईतच झाली. तिथे आपली मुलं पदकं आणतात. हाताने आणि डोक्याने एकत्र काम करायला लावलं तर आपल्याकडच्या मुलांना ते जमतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

सीईटी एका रात्रीत बदलणार नाही. पण बारावीच्या बोर्डाची ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा आपल्या हातात आहे. तोंडी परीक्षेत आज 'इंडिकेटर कोणता वापरला', 'एंड पॉइंटला रंग कोणता' असे प्रश्न विचारले जातात आणि मुलं पाठ केलेली उत्तरं देतात. त्याऐवजी परीक्षकांनी एक कोरा कागद पुढे करावा: हा तुझा चंबू. टायट्रेशन सुरू करण्यापूर्वी आणि एंड पॉइंट आल्यावर आत कोणकोणते आयन आहेत, ते काढून दाखव. पाच गुण त्याला द्यावेत. बोर्डानं हे एका परिपत्रकात सांगितलं, तर पुढच्या जूनपासून राज्यातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत आणि प्रत्येक शिकवणीत मुलं आयनांची चित्रं काढायला बसतील.